‘ॲलर्जीचे इंजेक्शन’ : आनूप देशातील ऋतुजन्य अनूर्जता आणि आपले कर्तव्य

पावसाळा ओसरून शरद ऋतू लागला की दक्षिण कोकण व गोवा या पट्ट्यातील आपल्या चिकित्सालयांत एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णांची संख्या वाढू लागते. सकाळी उठताच शिंकांची माळ, पातळ नासास्राव, डोळ्यांना कंडू आणि काहींना उत्तररात्री श्वासकष्ट, असे हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. इतिवृत्त घेताना यांपैकी काही रुग्ण सहज सांगून जातात, ‘मी ॲलर्जीचे इंजेक्शन घेतो.’ आपण ते नोंदवहीत लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. प्रस्तुत लेखाचा विषय हे एक वाक्य आहे. त्याचे अर्थ दोन आहेत आणि ते परस्परांपासून फार दूर आहेत.

काही वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका गावातील चाळिशीच्या शिक्षिका जीर्ण प्रतिश्यायासाठी माझ्याकडे आल्या. दर महिन्याला ‘ॲलर्जीचे इंजेक्शन’ घेत असल्याचे त्यांनी सांगितले. ती इम्युनोथेरपी असावी असे गृहीत धरून मी ‘ती चालू ठेवा’ असे सांगितले आणि माझी चिकित्सा आरंभिली. पुढील दोन महिन्यांत चेहरा गोल झाला, वजन वाढले, रक्तशर्करा चढली. जपून ठेवलेले वेष्टन त्यांनी आणून दाखवले तेव्हा उलगडा झाला. ते ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचे दीर्घकाल परिणाम करणारे इंजेक्शन होते. औषधाचे नाव न विचारण्याची चूक माझी होती. ती इतरांकडून होऊ नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

देश आणि काल

चरकसंहितेच्या कल्पस्थानात आनूप देशाचे वर्णन करताना नारळ व केळीची दाट वने, नद्या आणि समुद्र यांचा उल्लेख येतो. हा देश वातकफप्रधान सांगितला आहे. कोकण-गोव्याची भूमी याहून वेगळी ती काय! तमकश्वास ढगाळ हवा, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा यांनी वाढतो, तसेच धूळ व धूर हे श्वासाचे हेतू आहेत, ही निरीक्षणेही आपल्या संहितांत आहेत. आजचे विज्ञान याच निरीक्षणांना सूक्ष्म तपशील पुरवते.

या प्रदेशातील प्रमुख ॲलर्जन म्हणजे घरातील धुळीमधील माइट. कोळ्याच्या वर्गातील हा डोळ्यांना न दिसणारा जीव गादी, उशी, गोधडी यांत राहतो आणि मानवी त्वचेच्या सुटलेल्या कणांवर जगतो. तो पाणी पीत नाही, हवेतील बाष्प शोषून घेतो. त्यामुळे कोरड्या हवेत तो टिकत नाही आणि ७० ते ८० टक्के आर्द्रतेत त्याची भरभराट होते. पावसाळ्यात आपल्याकडील आर्द्रता सहसा याहून खाली येतच नाही. दुसरा गट बुरशीचा. ओल्या भिंती, आगोटीला भरून ठेवलेले सरपण, दमट कपाटे यांतून ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम यांचे बीजाणू हवेत मिसळतात. तिसरा गट परागकणांचा. भाद्रपद-आश्विनात फुलणारी गवते, भाताचा फुलोरा, किनाऱ्यावरील सुरूची झाडे यांचे पराग वाऱ्यावर वाहतात. आंबा-काजूच्या मोहोरावर रुग्ण सरसकट दोष ठेवतात. परंतु या वृक्षांचे परागण मुख्यतः कीटकांद्वारे होते व त्यांचे पराग फार दूर तरंगत जात नाहीत. म्हणून मोहोराच्या काळात होणाऱ्या त्रासाचे कारण अन्यत्र, उदाहरणार्थ थंडीसाठी काढलेल्या पांघरुणांत किंवा पाचोळा जाळल्याच्या धुरात, शोधावे लागते.

इम्युनोथेरपी म्हणजे काय?

अनूर्जतेच्या रुग्णात निरुपद्रवी ॲलर्जनविरुद्ध आयजी-ई नावाची प्रतिपिंडे तयार होतात व मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा तोच ॲलर्जन आला की या पेशींतून हिस्टामिन आदी द्रव्ये बाहेर पडतात आणि शिंका, स्राव, कंडू, श्वासनलिकासंकोच ही लक्षणे उद्भवतात. अँटिहिस्टामिनिक औषधे या साखळीचे शेवटचे टोक अडवतात. इम्युनोथेरपीचा प्रयत्न साखळीचा आरंभ बदलण्याचा असतो.

१९११ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क त्वचेखाली टोचून केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. जॉन फ्रीमन यांनी ते कार्य पुढे नेले. तत्त्व असे की, रुग्णाला ज्याची अनूर्जता आहे त्याच ॲलर्जनचा अर्क अत्यल्प मात्रेपासून वाढवीत नेला असता शरीर तो सहन करू लागते. नियामक टी पेशी वाढतात व आयजी-जी४ ही अवरोधक प्रतिपिंडे निर्माण होतात. असात्म्याचा त्याग व सात्म्याचा स्वीकार पादांशिक क्रमाने करावा, हा चरकोक्त विचार येथे वैद्यांना आठवेल. साम्य लक्षणीय आहे. तथापि ते क्रमाचे साम्य आहे. एवढ्यावरून ‘हे सर्व आपल्याकडे होतेच’ असा निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होणार नाही.

व्यवहारात प्रथम त्वचेवर प्रिक टेस्ट करतात. १५ ते २० मिनिटांनी उठणारी गांधी मोजतात आणि ती रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहतात. केवळ चाचणी सकारात्मक आली म्हणजे व्याधी सिद्ध होत नाही. नंतर साधारण ३ ते ६ महिने आठवड्यातून एक-दोनदा वाढती मात्रा आणि पुढे ३ ते ५ वर्षे दर २ ते ४ आठवड्यांनी स्थिर मात्रा दंडाच्या बाह्य भागी त्वचेखाली देतात. गवताच्या परागांविषयी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३ ते ४ वर्षांचा क्रम पूर्ण केलेल्या रुग्णांत चिकित्सा थांबवल्यानंतरही किमान ३ वर्षे लाभ टिकल्याचे दिसले. मात्र यश योग्य रुग्णाची निवड आणि अर्काची गुणवत्ता यांवर अवलंबून असते. दहा-पंधरा ॲलर्जन एकाच कुपीत मिसळून दिल्यास प्रत्येकाची मात्रा निष्फळ ठरण्याइतकी कमी होऊ शकते.

दोन इंजेक्शनांतील भेद

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने दोन-तीन दिवसांत नाक मोकळे होते आणि रुग्ण खूश होतो. इम्युनोथेरपीचा परिणाम दिसण्यास कित्येक महिने लागतात. पहिल्यासाठी कोणतीही ॲलर्जी चाचणी झालेली नसते, दुसऱ्यात ती अनिवार्य असते. पहिल्याची कुपी औषधालयात तयार मिळते. दुसऱ्याची कुपी त्या रुग्णाच्या नावाने, तीव्रतेच्या क्रमांकासह तयार केलेली असते आणि रुग्णाजवळ मात्रांचे कार्ड असते. म्हणून तीन प्रश्न पुरेसे आहेत : चाचणी झाली होती काय? कार्ड आहे काय? बरे किती दिवसांत वाटले?

उत्तरांवरून स्टिरॉइडचा संशय आल्यास वेष्टन अथवा चिठ्ठी मागवावी. मधुमेह, रक्तदाब, अस्थिक्षय, काचबिंदू यांची चौकशी करावी. असे रुग्ण औषध अचानक सोडतात तेव्हा दबलेल्या अधिवृक्क ग्रंथीमुळे अतिदौर्बल्य, वांती, रक्तदाब घटणे असे गंभीर उपद्रव होऊ शकतात. ‘ती इंजेक्शने आजपासून बंद’ असे आपण परस्पर सांगू नये. कायचिकित्सकाच्या सल्ल्याने क्रम ठरवावा. उपरोक्त शिक्षिकांच्या बाबतीत तसेच केले आणि त्यांची रक्तशर्करा हळूहळू पूर्वपदावर आली.

धोका कोठे आहे?

इम्युनोथेरपी निर्धोक नाही. ब्रिटनमध्ये १९५७ पासून या चिकित्सेने २६ मृत्यू झाल्याची नोंद तेथील औषधसुरक्षा समितीने १९८६ साली प्रसिद्ध केली. त्यानंतर पुनरुज्जीवनाची साधने असलेल्या ठिकाणीच ती देण्याचे बंधन आले. अनियंत्रित दमा हे धोक्याचे प्रमुख कारण होय. म्हणून मात्रेनंतर रुग्णाला किमान ३० मिनिटे निरीक्षणाखाली ठेवतात आणि श्वासकष्ट किंवा ज्वर असलेल्या दिवशी मात्रा टाळतात. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत ॲड्रेनॅलिनचा परिणाम क्षीण होतो. काचबिंदूसाठीचे टिमोलोलचे थेंबही याच वर्गातले आहेत. गर्भिणी अवस्थेत ही चिकित्सा नव्याने सुरू करीत नाहीत.

इंजेक्शननंतर अंगभर कंडू, उदर्द, आवाज बसणे, छाती आवळणे, चक्कर यांपैकी काही दिसल्यास ती ॲनाफिलॅक्सिस समजावी. त्यावरचे पहिले औषध ॲड्रेनॅलिन. प्रौढात ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाह्य भागातील स्नायूत. अँटिहिस्टामिनिक व हायड्रोकॉर्टिसोन ही त्यानंतरची औषधे होत. ‘कुपी मी आणली आहे, टोचून तेवढे द्या’ अशी विनंती रुग्ण करतात. शहरातील केंद्र दूर असते, त्यामुळे नकार देणे जड जाते. तरीही प्रशिक्षण व सज्जता नसताना हे सौजन्य दाखवू नये.

आपल्या चिकित्सेची सांगड

इम्युनोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला आपली चिकित्सा देता येते. मात्र काही पथ्ये पाळावीत. मात्रेच्या आगेमागे सुमारे दोन तास श्रम व उष्ण स्नान वर्ज्य करण्याचा दंडक आहे, कारण रक्ताभिसरण वाढून अर्क वेगाने शोषला जातो. याच न्यायाने त्या दिवशी अभ्यंग-स्वेदन करू नये, असे माझे मत आहे. शोधनासाठी दोन-तीन आठवडे द्यावयाचे असल्यास संबंधित तज्ज्ञास आधी कळवावे. मात्रा चुकली तर पुढील मात्रा कमी करावी लागते, आणि हे ठरवणे त्यांचे काम आहे. नवप्रतिश्यायात नस्य निषिद्ध आहे हे आपण जाणतोच. अणुतैलाचे प्रतिवर्षी सांगितलेले नस्य निरभ्र आकाश असता, लक्षणे शांत असताना योजावे. दम्याच्या रुग्णाच्या खोलीत धूपन टाळावे. शिवाय निदानपरिवर्जन हा तर आपल्या चिकित्सेचा पाया. अंथरूण कडक उन्हात टाकणे, उशी-गादीला घट्ट विणीची खोळ घालणे, चादरी आठवड्यास गरम पाण्याने धुणे आणि सरपण निजावयाच्या खोलीबाहेर ठेवणे, एवढे सांगण्यास पाच मिनिटे लागतात.

येथे एक उदाहरण उल्लेखनीय आहे. भारतात ॲलर्जीशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. डी. एन. शिवपुरी यांनी १९६९ साली अंतमूळ म्हणजे टायलोफोरा इंडिका या वनस्पतीचा दमा व नासा-अनूर्जतेवरील तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रारंभीचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते, परंतु नंतरच्या सर्वच अभ्यासांत ते तसे आले नाहीत. मळमळ व तोंड येणे हे उपद्रवही आढळले. आपल्या द्रव्यांनीही परीक्षेला सामोरे जावे, हा त्यातील बोध.

औषधालय चालकांसाठी

ॲलर्जनची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी. गोठलेली कुपी देऊ नये. पावसाळ्यात वीज जाणे नित्याचे असल्याने शीतपेटीतील तापमानाची नोंद ठेवावी. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन आदी औषधे चिठ्ठीशिवाय देणे कायद्याविरुद्ध आहे. ‘दम्यावर तत्काळ गुण’ देणारी बिननावाची चूर्णे व पुड्या ठेवूच नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार वेळोवेळी उघडकीस आले असून त्यातून रुग्णाची हानी आणि आयुर्वेदाची अप्रतिष्ठा दोन्ही होतात. काष्ठौषधींना बुरशी लागली असल्यास ती वाळवून विकण्याचा मोह टाळावा. आपल्या दुकानातील पोते हेच एखाद्याच्या श्वासाचे कारण ठरू शकते.

सारांश, ‘ॲलर्जीचे इंजेक्शन’ हे शब्द नोंदवहीत लिहून थांबू नये. त्यापुढे औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहावी. येत्या शरदात प्रत्येक वैद्यबंधूने व भगिनीने एवढा एक रकाना वाढवला, तरी अनेक रुग्णांची हानी टळेल.