पोरीची ‘हो’ कधी विचारायची?

गेल्या महिन्यात माझी एक माजी विद्यार्थिनी आईला घेऊन घरी आली. वय 24, डी.फार्म. झालेली, मेडिकलमध्ये कामाला. घराणं रत्नागिरीकडचं कोकणी. तिला पसंत असलेला मुलगा मिरजेकडचा, बागवान. नमाजी आहे, कमावता आहे. अब्बांनी मात्र दुबईला नोकरी करणाऱ्या मुलाचं स्थळ जवळपास पक्कं केलंय. आई रडत म्हणाली, “मॅडम, तुमचं ती ऐकते. तिला सांगा, इस्लाममध्ये लव्ह मॅरेज नाही.”

मी म्हटलं, “आपा, मला असं सांगता येणार नाही.”

आपल्याकडे भांडण ‘अरेंज की लव्ह’ असं मांडलं जातं. शरीअत प्रश्न असा विचारतच नाही. ती विचारते, दोघांची रजामंदी आहे का, गवाह आहेत का, महर ठरला का, वली कुठे आहे? लग्नाआधी लपून भेटणं, रात्र रात्र चॅटिंग, याला परवानगी नाही. हे पोरांनी नीट ऐकावं. पण कुणी पसंत पडलं आणि रीतसर पैगाम गेला, तर त्यात गुन्हा कसला? हजरत खदीजा (रजि.) यांनी प्रेषितांकडे (स.) निकाहचा पैगाम स्वतःहून पाठवला होता.

हजरत बरीरा (रजि.) यांचा किस्सा तर प्रत्येक घरात सांगायला हवा. गुलामीतून मुक्त झाल्यावर नवऱ्यासोबत राहायचं की नाही, हे ठरवायचा हक्क त्यांना मिळाला. त्यांनी नकार दिला. नवरा, मुगीस, मदीनेच्या गल्ल्यांत रडत मागे फिरायचा. प्रेषितांनी (स.) बरीरांना त्याच्याकडे परत जाण्याबद्दल सुचवलं. त्यांनी विचारलं, हा हुकूम आहे का? नाही, मी फक्त शिफारस करतोय, असं उत्तर आलं. मग मला गरज नाही, असं म्हणून त्या आपल्या निर्णयावर ठाम राहिल्या. खुद्द प्रेषितांची (स.) शिफारस एक मुक्त झालेली दासी नम्रपणे नाकारू शकते, आणि आपल्या घरात मामूने आणलेलं स्थळ नाकारलं की पोर बेअदब ठरते!

वलीबाबत मात्र मसलकांत फरक आहे. देशावरचे आपण बहुतेक हनफी. तिथे आकिल-बालिग मुलीने स्वतः केलेला निकाह ग्राह्य धरतात, जोड अगदीच विजोड असेल तर वलीला हरकत घेता येते. कोकणी मुस्लिम शाफई. तिथे वलीशिवाय निकाह होत नाही. जुन्या शाफई ग्रंथांत कुंवाऱ्या मुलीबाबत बापाला जादा अधिकारही आहे, पण तिला विचारणं तिथेही पसंत केलंय. आणि योग्य जोडीदाराला वली विनाकारण अडवत असेल, तर त्याचा अधिकार काझीकडे जातो. ही शेवटची गोष्ट आपल्या बापांना सहसा कुणी सांगत नाही. 1864 साली मुंबई हायकोर्टाने तर शाफई घरातल्या बालिग मुलीने हनफी मसलक स्वीकारून वडिलांविना केलेला निकाह मान्य केला होता.

अर्थात कोर्टात जिंकलं तरी बाळंतपणाला माहेर लागतंच. म्हणून मी पोरींना पळून जा असं कधीच सांगत नाही. वली हवा तो तिच्या बाजूने चौकशी करायला, महर नीट लिहून घ्यायला.

आणि रजामंदी आपण कधी विचारतो? मंडपात बिर्याणीच्या देगा उतरल्यावर वकील आणि दोन गवाह आत जातात. मेंदीचे हात, झुकलेली मान, आजूबाजूला बायका. ती गप्प राहिली की झाली इजाजत! त्या घडीला कोणती पोर नाही म्हणेल? विचारायचं ते पैगाम आल्या दिवशी, एकटीला, शांतपणे.

हे सगळं ऐकून आपा हळूच म्हणाल्या, “खरं सांगू का मॅडम, तो बागवान आहे ना. जमातीत काय तोंड दाखवायचं?” तेव्हा कुठे खरं दुखणं बाहेर आलं. चौकशी दीनची नव्हतीच, बिरादरीची होती.

चार दिवसांनी तिचे अब्बा शाळेच्या गेटवर उभे दिसले. बराच वेळ पावसाबद्दल बोलले. मग विचारलं, “त्या मुलाच्या मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांचा नंबर मिळेल का?” मी तो मिळवून दिला. दुबईवाल्यांना त्यांनी अजून हो-नाही काहीच कळवलेलं नाही.