डावखुरी गिटार आणि भातखंडे यांचे थाट

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई-ए-डी-जी-बी-ई अशा मिळवण्याची रीत आहे. त्यांतल्या दोन्ही ई उतरवून डी केल्या आणि बी उतरवून ए केली, की डी-ए-डी-जी-ए-डी असे मीलन तयार होते. इंग्रज वादक डेव्ही ग्रॅहम याने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते रूढ केले. रॉक गिटारवादक जिमी पेजने १९७५च्या ‘काश्मीर’ या गाण्यात तेच वापरले. डीला षड्ज मानले, तर या तारा सा-प-सा-म-प-सा अशा बोलतात, म्हणजे मांडीवर तानपुराच येतो. पेटीच्या भाषेत हा सूर पांढरी दोनचा. नंदुरबार किंवा शहाद्याच्या एखाद्या भजनी मंडळात गायकाची पट्टी काळी दोन असेल, तर पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा लावला की काम भागते. मोकळ्या तारांत गंधार नाही, ही या मीलनाची मोठी सोय. शुद्ध गंधाराचा थाट असो की कोमल गंधाराचा, मागे वाजणारी तार गंधाराच्या आड येत नाही.

पाश्चात्त्य संगीतातले ‘मोड’ म्हणजे त्याच सात स्वरांची ओळ दर वेळी वेगळ्या स्वरापासून सुरू करणे. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. बिलावलचे स्वर रिषभापासून धरले की काफी मिळतो, गंधारापासून भैरवी, मध्यमापासून कल्याण, पंचमापासून खमाज आणि धैवतापासून आसावरी. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांची विभागणी दहा थाटांत केली आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा आपला मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. त्या दहांपैकी हे सहा थाट पाश्चात्त्य मोडशी तंतोतंत जुळतात. आयोनियन म्हणजे बिलावल, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन खमाज, डोरियन काफी, एओलियन आसावरी आणि फ्रिजियन भैरवी. सातव्या लोक्रियनमध्ये पंचम उतरतो. आपला पंचम अचल, म्हणून त्याला थाट नाही.

डावखुऱ्याची अडचण स्वरांची नाही, वाद्याची आणि चित्रांची आहे. डावखुरी गिटार दुकानात क्वचितच टांगलेली दिसते. उजवी गिटार घेऊन तारा उलट लावल्या, तर नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा नव्याने कोराव्या लागतात. ध्वनिक गिटारचे सॅडल, म्हणजे दुसऱ्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी, तिरपे असते, ते उलटे पडल्याने वरच्या पडद्यांवर सूर ढळतो. अल्बर्ट किंग हा डावखुरा ब्लूज वादक तारा न बदलता गिटार उलटी धरायचा आणि आपल्याच वेगळ्या मीलनात वाजवायचा. पण नवशिक्याने तो मार्ग धरू नये. खास डावखुरी गिटार मिळेपर्यंत थांबणे बरे.

पुस्तकांतली बोटांची चित्रे उजव्या हाताची आणि नेहमीच्या मीलनाची असतात. मीलन बदलले की ती उजव्यालाही निरुपयोगी होतात. तेव्हा सरगम आणि पडद्यांचे आकडे हाच खरा आधार. ते दोन्ही हातांना सारखेच. उजवा शिक्षक समोर बसला, तर डावखुऱ्याला तो आरशासारखा दिसतो, हा फायदा मात्र उजव्या विद्यार्थ्याला मिळत नाही.

आता बोटे पडद्यांवर. तारा बारीककडून मोजायच्या आणि ० म्हणजे मोकळी तार. चौथ्या तारेवर ०-२-४ म्हणजे सा रे ग, तिसरी मोकळी म्हणजे म, दुसरीवर पुन्हा ०-२-४ म्हणजे प ध नी, आणि पहिली मोकळी म्हणजे तार सा. हा बिलावल. दुसऱ्या तारेवरचा ४ मागे ३वर आणला की निषाद कोमल होतो आणि खमाज उमटतो. चौथीवरचाही ४ मागे ३वर घेतला की काफी. मग दुसरीवरचा २ मागे १वर आणला की आसावरी आणि शेवटी चौथीवरचा २ही १वर गेला की भैरवी. दर वेळी एकच बोट एकच पडदा सरकते. कल्याण मात्र उलट दिशेला आहे. त्यात तिसरी तार पहिल्या पडद्यावर दाबून तीव्र मध्यम घ्यायचा असतो. ती चुकून मोकळी वाजली की शुद्ध मध्यम डोकावतो आणि कल्याण बिघडतो.

थाट म्हणजे राग नव्हे. रागाला आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि मींड लागते, आणि गिटारच्या ठरावीक पडद्यांवर सगळ्या श्रुती सापडत नाहीत. उरलेल्या चार थाटांपैकी भैरव सर्वांत सोपा: चौथीवर ०-१-४, तिसरी मोकळी, दुसरीवर ०-१-४. पहिल्या आणि चौथ्या पडद्यात बोटे ताणली जातात, म्हणून आधीचे सहा थाट हाती बसल्यावरच त्याला हात घालावा. पूर्वी, मारवा आणि तोडी त्यानंतर घ्यावेत.