सातारा, सांगली आणि प्रसरण पावणारें विश्व

विश्व प्रसरण पावत आहे, हें वाक्य आतां शाळेंतल्या मुलांच्याहि तोंडीं असतें. पण तें ऐकून एक साधी शंका मनांत यावयास हवी. सारें विश्वच जर विस्तारत असेल, तर साताऱ्यापासून सांगली दूर सरकत आहे काय? ही शंका बालिश नाहीं. तिचें उत्तर ज्याला नीट देतां आलें, त्याला विश्वप्रसरणाचा अर्थ कळला असें खुशाल समजावें.

साताऱ्याहून कऱ्हाड सुमारें ५० किलोमीटर, आणि कऱ्हाडाहून सांगली सुमारें ७०. हा मुलूख एका रबरी पडद्यावर आंखला आहे आणि गांवांच्या जागीं तांब्याचे पैसे चिकटविले आहेत, अशी कल्पना करा. आतां पडदा सर्व बाजूंनीं दुप्पट ताणला. सातारकराला दिसेल कीं कऱ्हाड आणखी ५० किलोमीटर दूर गेलें आणि सांगली आणखी १२०. जें अधिक दूर, तें त्याच प्रमाणांत अधिक वेगानें गेलें. तो म्हणेल, "मध्य येथेंच!" पण कऱ्हाडकरालाहि सातारा ५० आणि सांगली ७० किलोमीटर दूर गेलेली दिसेल, आणि तोहि तेंच म्हणेल. वस्तुतः मध्य कोठेंच नाहीं. पैसे आपल्या जागीं चिकटलेलेच आहेत. वाढली ती मधली जागा.

१९२९ सालीं एडविन हबल यांनीं दाखविलें कीं दीर्घिका, म्हणजे अब्जावधि ताऱ्यांचे समूह, असेच अंतराच्या प्रमाणांत दूर जात आहेत. येथवर येणाऱ्या त्यांच्या प्रकाशाची लहर वाटेंतल्या अवकाशाबरोबर ताणली जाते व तांबड्या रंगाकडे झुकते. त्यावरून हें ओळखतां येतें. आजच्या मापनांप्रमाणें ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षें दूर असलेल्या दीर्घिकेमागें हा वेग सेकंदाला सुमारें ७० किलोमीटर पडतो. दुप्पट अंतरावर दुप्पट.

हाच हिशेब सातारा-सांगलीला लावला, तर अंतर वर्षाला एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि कमी वाढावें. पण तेवढेंहि वाढत नाहीं. खडकाचे अणु विद्युत्‌बलानें जखडलेले आहेत. पृथ्वी, सूर्य आणि आपली सारी आकाशगंगा गुरुत्वाकर्षणानें बांधलेली आहे. आपल्या पडद्यावरचा पैसा ताणला गेला नाहीं, तसेंच हें. खऱ्या विश्वांत सातारा आणि सांगली एकाच पैशावर आहेत. शरदाच्या अंधाऱ्या रात्रीं यवतेश्वराच्या घाटावरून देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. ती सुमारें २५ लाख प्रकाशवर्षें दूर. तरीहि गुरुत्वाकर्षणामुळें ती आपल्याकडेच येत आहे.

दुसरा घोटाळा "महास्फोट" या शब्दानें होतो. स्फोट म्हटला कीं त्याला एक ठिकाण आलें, ठिणग्या आल्या. इंग्रजींत हा शब्द फ्रेड हॉइल यांनीं १९४९ सालीं एका रेडिओ-भाषणांतच प्रथम योजिला, आणि गंमत अशी कीं ते स्वतः त्या मताचे विरोधक होते. सांगलीच्या शेजारीं कोल्हापुरांत १९३८ सालीं जन्मलेले जयंत नारळीकर हे त्यांचे शिष्य. प्रसरण मान्य करूनहि विश्वाला आरंभ असलाच पाहिजे असें नाहीं, हें या गुरुशिष्यांचें म्हणणें होतें. १९६५ सालीं सर्व दिशांनीं येणारें सूक्ष्मलहरींचें प्रारण सांपडलें, आणि बहुतेक शास्त्रज्ञांचा कौल सुमारें १३८० कोटि वर्षांपूर्वींच्या तप्त, दाट अवस्थेकडे गेला. तरी प्रसरण आणि प्रारंभ हे दोन निराळे प्रश्न आहेत, हा विवेक त्या वादानें शिकविला.

१९९८ सालीं आणखी एक गोष्ट उघड झाली: प्रसरणाचा वेग वाढत आहे. हें असेंच चाललें, तर अत्यंत दूरच्या भविष्यांत बाकीच्या दीर्घिका दृष्टीआड होतील. तेव्हांचा निरीक्षक आपल्या समूहालाच सारें विश्व समजेल. प्रसरणाचा पुरावाच त्याच्यापुढें उरणार नाहीं. तो पुरावा आपल्या काळीं आकाशांत आहे. सातारा-सांगलीची वाट तेवढीच राहील. आपण मात्र त्या वाटेवरूनहि विश्वाचा विस्तार मोजूं शकतों, हें आपलें भाग्य.