एक यंत्र, दोन गिऱ्हाइके

ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली आपल्या सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. धातूमधील अदृश्य भेगा शोधण्यासाठी कारखान्यांत वापरले जाणारे ध्वनिलहरींचे तंत्र त्यांनी मानवी पोटासाठी योजिले होते. जठराचा असाध्य कर्करोग म्हणून जिची आशा सोडली होती, त्या एका स्त्रीच्या पोटात वस्तुतः अंडाशयाची मोठी गाठ आहे, हे या तंत्राने दाखविले. शस्त्रक्रिया झाली आणि ती वाचली. सोनोग्राफीचा आरंभ स्त्रीचा जीव वाचविण्यातून झाला, हे महाराष्ट्रात मुद्दाम सांगावे लागते.

कारण येथे या यंत्राची ख्याती निराळीच झाली. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला; केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १९९६ मध्ये अमलात आला. तथापि, सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे राज्यात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ उरल्या. बीड जिल्ह्यात तर केवळ ८०७! कायद्याने पुरवठ्यावर पहारा बसविला, आणि तो आवश्यकच होता. परंतु मागणी हुंड्यातून आणि शेतीच्या वाटणीतून येते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला. पण भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देणारी बहीणच अद्याप गुणी ठरते.

या यंत्राचे दुसरे गिऱ्हाईक मात्र बाजाराला दिसतच नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी आलेली वार, गर्भनलिकेतच रुजलेला गर्भ, जुळे, गर्भातील व्यंग, हे सारे वेळीच कळले तर कित्येक बाळंतपणांतील धोका टळतो. गर्भाचे वय पहिल्या तीन महिन्यांत अधिक अचूक मोजता येते. पुढे अंदाज ढिला पडत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये चोवीस आठवड्यांपूर्वी एक तरी सोनोग्राफी व्हावी, अशी शिफारस केली. त्याच वर्षी केंद्र सरकारने दरमहा ९ तारखेला गर्भवतींच्या मोफत तपासणीची योजना आरंभिली. योजना चांगली आहे. परंतु तपासणी फुकट म्हणजे ती बिनखर्चाची, असे समजणे हा अर्थशास्त्रातील जुनाच प्रमाद होय. एस.टी.चे भाडे, सोबत आलेल्या नवऱ्याची बुडालेली मजुरी आणि यंत्र असूनही ते चालविणारा डॉक्टर नसल्यास पुन्हा घालावा लागणारा हेलपाटा, यांची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.

पुन्हा बीडकडेच पाहावे. दिवाळीच्या सुमारास येथील हजारो जोडपी ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. या काळात गरोदर राहिलेल्या स्त्रीची नोंद गावच्या आरोग्य उपकेंद्रात असते, ती स्वतः मात्र दोन जिल्हे ओलांडून उसाच्या फडात असते. तेथे फिरते पथक पाठवायचे, तर कायद्याने नोंदलेले यंत्र व पात्र डॉक्टर दोन्ही हवेत, आणि ते सरकारनेच पुरविले पाहिजेत. खासगी केंद्र तिच्यासाठी फडावर येणार नाही. तोवर ९ तारीख साधून ती रुग्णालयात गेलीच, तर मुकादमाच्या वहीत त्या जोडप्याच्या नावे एक खाडा चढतो आणि तो उचलीतून वळता होतो.