हवेतल्या वाटेलाही पाळी लागते



सामाईक विहिरीवर चार भावांची पाळी ठरलेली असते. ती मोडली की पाणी कुणालाच पुरत नाही, भांडण तेवढं सगळ्यांना पुरतं. वसई-विरारच्या वाडीवाल्यांना हे सांगायला नको. पण गावात बिनतारी इंटरनेट आलं तर तिथंही हाच प्रश्न उभा राहतो.

जिथं केबल पोचत नाही तिथं एका गावच्या खांबावरून पुढच्या गावच्या खांबाकडे, असे टप्पे घेत संदेश जातो. आपल्या पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आय.आय.टी.नं 'ग्राममार्ग' प्रकल्पात सुमारे २५ गावं बिनतारी जोडून पाहिली. त्याला २०१७ साली मोझिला संस्थेचं पारितोषिकही मिळालं.

आता समजा, क, ख, ग, घ असे चार खांब ओळीनं आहेत. केबल फक्त क जवळ आहे, आणि सगळ्यांची लहर एकच. क आणि ग एकमेकांना ऐकू येत नाहीत. दोघांनाही वाटतं वाट मोकळी आहे, म्हणून दोघं एकदम बोलतात. मधल्या ख च्या कानावर नुसता गोंगाट पडतो आणि संदेश वाया जातो. घरातला वाय-फाय 'आधी ऐका, मग बोला' या रीतीवर चालतो. इथं ती रीत फसते.

यावर उपाय म्हणजे कालव्यावरची शेजपाळी. सगळ्या खांबांची घड्याळं जुळवायची, सेकंदाचे बारीक वाटे पाडायचे आणि कुणी कोणत्या वाट्यात बोलायचं ते आधीच ठरवायचं.

पण वाटे सारखे पाडले तर शेवटच्या गावावर अन्याय होतो, हे नीट ध्यानात घ्या. क-ख टप्प्यावरून ख, ग, घ या तिन्ही गावांचा माल जातो, ख-ग वरून दोन गावांचा, ग-घ वरून एकाचाच. म्हणून सहा वाटे करून ते तीन, दोन, एक असे द्यावेत. लहरीची ताकद ३० असेल तर प्रत्येक गावाला ५ मिळतात. ओळ लांबली तर पुरेसे दूर असलेले दोन टप्पे एकाच वाट्यात बोलू शकतात. लांबच्या दोन विहिरींवर एकाच वेळी पंप चालतात, तसंच हे.

तुमच्या ग्रामपंचायतीत असं काम निघालं तर बसवणाऱ्याला विचारा: टप्पे किती? पाळी ठरलेली आहे की ज्याला सापडेल त्यानं बोलायचं? शेजारच्या टप्प्यांना वेगळी लहर देता येईल का? मग रात्री आठच्या सुमारास, सगळे मोबाईल चालू असताना, शेवटच्या गावात जाऊन वेग मोजा. पहाटे दादरच्या फुलबाजाराचा भाव किंवा पावसाचा इशारा तिथं वेळेवर उघडला पाहिजे. पहिल्या खांबाखाली उभं राहून मोजलेल्या वेगावर सही देऊ नका.

खांब माडांच्या आणि सुरूच्या शेंड्यांपेक्षा उंच हवा. ओली पानं लहरी अडवतात, तेव्हा उन्हाळ्यात मोजलेला वेग पावसाळ्यात पुन्हा मोजून घ्या.