छेदाची रेघ आणि खांद्यावरचा आकडा

अकोल्याच्या बाजारात कापूस विकला गेला की शेतकऱ्याच्या घरी पहिला हिशेब होतो तो कर्जाचा. समजा, मुद्दल १०,००० रुपये, दर शेकडा दरसाल १०, मुदत ३ वर्षे, व्याज चक्रवाढ. सूत्र शाळेतलेच: एक अधिक दर भागिले शंभर हा कंस, त्याच्या उजव्या खांद्यावर वर्षांचा आकडा, आणि त्याने मुद्दलाला गुणायचे. रास येते १३,३१० रुपये. आता तो ३ खांद्यावरून घसरून कंसाच्या शेजारी बसला तर? घाताचा गुणाकार होतो आणि रास होते ३३,००० रुपये! सावकारानेही लाजावे असा हा हिशेब!

असे घडते कोठे? आंतरजालावरच्या पुस्तकांत. गद्य एका ओळीत चालते. गणिताला मात्र माडीही लागते आणि तळघरही. अंश वर, छेद खाली, मध्ये रेघ. ही बैठक सांभाळण्यासाठी पुष्कळ जण सूत्राचे चित्रच पानावर डकवतात. पण ते मोबाइलवर मोठे केले की फिसकटते, शोधून सापडत नाही. आणि अंध विद्यार्थ्याचे वाचनयंत्र त्या जागी नुसते ‘चित्र’ म्हणून पुढे जाते.

पूर्वी छापखान्यात खिळे जुळवणारा कारागीर बारीक आकडे आणि पितळी पट्ट्या हाताने बसवीत असे. ही कला मागे पडू लागली तेव्हा अमेरिकेतील डोनाल्ड क्नूथ हे गणितज्ञ अस्वस्थ झाले. १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून ते इतके नाराज झाले, की अक्षरजुळणीची आज्ञावली त्यांनी स्वतःच लिहावयास घेतली. तिचे नाव ‘टेक्’. तिच्यात सूत्र साध्या अक्षरांच्या संकेतांनी लिहावयाचे असते.

संकेतलिपी वऱ्हाडला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही महानुभावांची पुण्यभूमी. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेथलेच. याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. किल्ली जाणणाऱ्यालाच ते वाचता येत. टेक्च्या संकेतांचेही तसेच आहे; आणि ती किल्ली म्हणजेच ‘मॅथजॅक्स’सारखे प्लगइन. २०१० साली ते सर्वांना मोफत खुले झाले. पान उघडताच ते संकेत हुडकते, उलगडते आणि आकडा ज्याच्या त्याच्या जागी बसवते. वाचकाला यातले काही दिसतही नाही. सूत्र कितीही मोठे करा, रेघ स्वच्छ राहते. शिवाय ते चित्र नसल्यामुळे यंत्राला मोठ्याने वाचूनही दाखवता येते.

मराठीत लिहिणाऱ्याने एक पथ्य पाळावे. सूत्रातले प्रत्येक अक्षर ही आज्ञावली स्वतंत्र राशी समजते. ‘क्ष’ किंवा ‘मुद्दल’ तसेच लिहिले तर जोडाक्षरे आणि काना-मात्रा विखुरण्याचा धोका असतो. असे शब्द मजकुराच्या वेगळ्या कप्प्यात घालावे, म्हणजे ते अखंड राहतात.

अमरावतीला १९८३ पासून विद्यापीठ आहे, आणि रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे. वऱ्हाडातले अध्यापक मराठीतून शास्त्रीय पुस्तके आंतरजालावर ठेवतील तेव्हा त्यांनी सूत्रांची छायाचित्रे डकवू नयेत, ती लिहावीत. खेड्यातल्या मुलाजवळ दुसरे पुस्तक नसते. पडद्यावर जे दिसते, तेच तो खरे मानतो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण वह्यांची पूजा करतो. वहीतला आकडा जागच्या जागी असावा, एवढीच त्या पूजेची अपेक्षा असते. आंतरजालावरची वही तिला अपवाद कशी असेल?