संगणकाचा दिवाणजी

कोल्हापूर गुळासाठी प्रसिद्ध आहे. राजर्षी शाहू महाराजांनी येथे १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. अशा पेठेतील अडत दुकानात एक दिवाणजी असे. जमाखर्च, पत्रे, तिजोरीच्या किल्ल्या, सारे त्याच्या हाती असे.

तुमच्या शाळेतील संगणकातही असाच एक दिवाणजी असतो. त्याला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज आणि लिनक्स ही त्याची दोन उदाहरणे. तुम्ही मराठी निबंध लिहा, उर्दू पत्र लिहा किंवा चित्र काढा. कळफलक, पडदा आणि फायली यांचा कारभार कार्यप्रणालीच पाहते.

पूर्वी हा दिवाणजी सांगितले तेवढेच करी. आता त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड मिळाली आहे. उर्दूत तिला ‘मसनूई जहानत’ म्हणतात. समजा, तुम्ही कोल्हापूरच्या मुस्लिम बोर्डिंगवर निबंध लिहिला आणि फायलीचे नाव विसरलात. ‘बोर्डिंगवरचा निबंध काढ’ एवढे सांगितले, की असा मदतनीस तो शोधून देऊ शकतो.

वेगळ्या प्रोग्रॅममधील मदतनिसाला सहसा आपण देऊ तेवढेच दिसते. कार्यप्रणालीतील मदतनिसाला मात्र सगळी दुकानदारी दिसू शकते. म्हणून तो अधिक उपयोगी पडतो आणि म्हणूनच त्याची अधिक काळजी घ्यावी लागते.

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोजसाठी ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली. ती दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून संगणकातच साठवते. पुढे त्या चित्रांतून हवी ती गोष्ट शोधता येते. पण पडद्यावर खासगी पत्रे असतात, बँकेचे हिशेबही असतात. ती चित्रे दुसऱ्याच्या हाती लागली तर? तज्ज्ञांनी हा धोका दाखवून दिला. तेव्हा कंपनीने ही सोय लांबणीवर टाकली. वापरणाऱ्याने स्वतः चालू केल्याशिवाय ती चालणार नाही, अशी व्यवस्था केली. एप्रिल २०२५ मध्ये ती लोकांना मिळू लागली.

हे काम दोन ठिकाणी होऊ शकते. एक तर आपला मजकूर इंटरनेटवरून दूरच्या मोठ्या संगणकांकडे जातो. नाहीतर आपल्याच संगणकातील खास चिप ते काम करते. ‘रिकॉल’साठी लागणारी चिप सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करू शकते. मजकूर घरातच राहिला, तर तो वाटेत दुसऱ्याच्या हाती पडण्याची भीती उरत नाही.

म्हणून मदतनीस चालू करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. तो काय पाहतो? पाहिलेले कोठे ठेवतो? त्याला बंद कसे करायचे? संगणक अनेकांचा असेल, तर हे प्रश्न अधिकच महत्त्वाचे आहेत. त्याने दिलेले उत्तरही तपासून घ्या, कारण तो चुकू शकतो. दिवाणजी कितीही हुशार असला, तरी वही मालकानेच तपासायची असते.

शब्दार्थ
अडत – दलालीचा व्यापार
कळफलक – कीबोर्ड
लांबणीवर टाकणे – पुढे ढकलणे

स्वाध्याय
१. कार्यप्रणालीला दिवाणजी का म्हटले आहे?
२. ‘रिकॉल’मध्ये तज्ज्ञांना कोणता धोका दिसला?